झाकण लावलं की बंद

“माझ्या हातून कॉम्प्युटर दुरुस्त झाला, तर तो कॉम्प्युटरचा मोठेपणा समजावा,” असं तो एकदा म्हणाला होता, आणि गिऱ्हाइकांनी ते नको तितकं मनावर घेतलं. सगळे त्याला स्क्रू म्हणत. दुरुस्ती संपली तरी त्याच्या तळहातावर एखादा स्क्रू उरलेला असायचाच. हळूहळू गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. उरली ती ताई, तीही सख्खी बहीण म्हणून.

ताई घरांचे नकाशे काढायची. तिचा कॉम्प्युटर कालपासून मध्येच बंद पडत होता, आणि संध्याकाळपर्यंत नकाशा पोचला नाही तर ते काम हातचं जाणार होतं.

“रागावू नकोस हं, पण दुसऱ्या एकालाही बोलावून ठेवलंय,” ती म्हणाली.

“बरं केलंस. तुझ्या जागी मी असतो तर तिसऱ्यालाही बोलावलं असतं.”

तो हसला खरा, पण मनात आलं, ताईही गेली, तर हत्यारांची पिशवी नुसती खुंटीला टांगायची.

त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं. ब्रशनं धूळ झाडली. ती कुणाच्या तरी संपलेल्या दिवसांसारखी मऊ, करडी होती. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची टोकं खोडरबरानं घासली. मशीन छान चाललं. झाकण लावलं, थोड्या वेळानं बंद. पिशवीतला पॉवर सप्लाय जोडून पाहिला. छान चाललं. झाकण लावलं, पुन्हा बंद.

“रोग म्हशीला आणि औषध पखालीला!” दाजी वर्तमानपत्रामागून म्हणाले.

“दाजी, म्हैस ओळखता आली असती तर पखालीला कशाला हात लावला असता?”

मग त्यानं झाकण हळूहळू सरकवत फटीतून बॅटरीचा उजेड टाकला. मागच्या खेपेला त्यानंच आतल्या साऱ्या वायरी प्लॅस्टिकच्या पट्टीनं एकत्र आवळल्या होत्या, आणि “बघ, कशी वेणी घातलीय!” म्हणून मिरवलंही होतं. ती जुडी काल खाली घसरली असावी; झाकण बसलं की ती दबायची, एक वायर प्रोसेसरच्या पंख्यात शिरायची, पंखा थांबायचा आणि तापलेलं मशीन स्वतःला बंद करून घ्यायचं. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्यानं पट्टी कापली, वायरी बाजूला केल्या, झाकण लावलं. समोरचा चहा पार गार झाला, तरी मशीन चालूच होतं.

“झालं?” ताईनं विचारलं.

“झालं.”

कारण सांगायला त्यानं तोंड उघडलं. जन्मभर त्यानं स्वतःच्या वेंधळेपणावर लोकांना हसवलं होतं. पण हा वेंधळेपणा अगदी खरा निघाला आणि काही केल्या विनोदात बसेना. तोवर ताईनं खुर्ची ओढून नकाशा उघडला होता. फोन कानाला होता.

“नाही, आता येऊ नका. माझ्या भावानं केला. नाही हो, त्याच्यासारखा हात नाही कुणाचा.”

दाजींनी वर्तमानपत्र खाली घेऊन त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं कापलेली पट्टी खिशात सारली, पिशवी उचलली, चपला पायांत सरकवल्या आणि तो बाहेर पडला.