गार झालेला चहा

सकाळी टीव्हीवर एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते, की त्यांच्या तेलाने आठवड्यात गुडघे धावायला लागतात. माझी बायको सुधा हातातला चहा विसरून ऐकत होती. मला हेवा वाटला. मी डॉक्टर, पूर्वी रेडिओवर आरोग्याबद्दल बोलायचो, प्रत्येक वाक्यात ‘बहुधा’ आणि ‘सहसा’ घालून. माझ्या एकाही भाषणाला हिचा चहा गार झाला नव्हता.

“असल्यांची तोंडं सरकारने बंद केली पाहिजेत,” मी फणकारलो.

“तुमचं केलंच होतं की,” पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. “नळाचं पाणी उकळून प्या, हे वाक्य खोडलं होतं त्यांनी. लोकांची दिशाभूल होते म्हणून.”

खोडलं होतं खरं. रेडिओ केंद्रात काचेपलीकडे बसलेला सरकारी अधिकारी भाषणाच्या मंजूर कागदावर बोट ठेवून माझा शब्दन् शब्द तपासायचा. पुढे गावात कावीळ पसरली. आणि आज तेच बोट या तेलवाल्याच्या ओठांवर ठेवावं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

रिमोट माझ्याच हातात होता. मी नुसता आवाज कमी केला.

“वाढवा हो,” सुधा म्हणाली.

मी वाढवला, आणि तिचा चहा गरम करायला उठलो.