खून झाला की डोळे मिटणाऱ्या वहिनी

मालिकेत खून व्हायची वेळ आली की जासूस वहिनी डोळे मिटून घ्यायच्या. भीतीने नाही. "खुनाकडे काय बघायचं? मेला तो मेला. त्यानंतर चहा कोण पितं ते बघा," म्हणायच्या. गोळीचा आवाज विरला की डोळे उघडायच्या आणि एकेकाचं तोंड न्याहाळायच्या, जणू ती माणसं त्यांच्याच ओसरीवर बसली आहेत.

बुधवारा मोहल्ल्यात त्यांचं आणि आमचं आंगण एकच होतं. त्यांचे मिस्टर बँकेत, बदलीवर आलेले. वहिनी जबलपूरच्या, मॅट्रिक झालेल्या. आंगणातल्या चार बिऱ्हाडांत टीव्ही फक्त त्यांच्याकडे. तेव्हा एकच वाहिनी लागायची आणि शुक्रवारी संध्याकाळी तिच्यावर ती मालिका. एक गोष्ट दोन शुक्रवार चालायची. पहिल्या शुक्रवारी खून, दुसऱ्या शुक्रवारी खुनी. मधले दिवस वहिनींचे. जासूस हे नाव पोरांनी ठेवलं होतं. त्यांना ते आवडायचं.

भाग संपला की त्या टीव्हीवर भरतकामाचं कापड टाकायच्या आणि बाजू वाटून द्यायच्या. "भाऊ, तुम्ही नोकराच्या बाजूने बोला. मी बायकोला धरते."

भाऊ म्हणजे आमचे हे. तहसील कचेरीत कारकून. घरी यांचं बोलणं म्हणजे मीठ कमी आहे, नळाला पाणी आलं का, एवढंच. तिथे मात्र मांडी ठोकून बसायचे.

"वहिनी, मतलब बघा ना. सेठ मेला तर बायकोला काय मिळालं? घरसुद्धा दिराच्या नावावर!"

"अहो भाऊ, कचेरीत बसून बसून तुम्हाला मतलब म्हणजे जमीनच वाटते. तिला वीस वर्षांत कुणी जेवलीस का म्हणून विचारलं नाही. हा मतलब नाही?"

"म्हणून काय खून करायचा?"

"तुम्ही घरी विचारता का, ते सांगा आधी!"

सगळे हसायचे. हे पण हसायचे, मान मागे टाकून. यांची एक दाढ पडलेली आहे, हे मला लग्नाला सहा वर्षं झाल्यावर त्या खोलीत कळलं.

मी दाराजवळ बसायची आणि जळायची. वाईट संशय मला कधी आला नाही. आला असता तर भांडता तरी आलं असतं. मला फक्त एवढंच हवं होतं, की यांनी एकदा माझ्याकडे वळून विचारावं, तुला काय वाटतं? मी फोपनार गावची, चौथीपर्यंत शिकलेली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. पण डोक्यात सगळं चालू असायचं. भाकऱ्या थापताना, कपडे धुताना, खुनी कोण, खुनी कोण.

एका गोष्टीत मळ्याच्या मालकाचा खून झाला. मालकाचा भाऊ पोलिसांना म्हणाला, "मी सकाळपासून केळीचे घड कापत होतो." अंगात सदरा पांढराशुभ्र. मला राहवलं नाही. शेजारी वहिनी होत्या, त्यांच्या कानाशी म्हटलं, "वहिनी, तो खोटं बोलतो. घड कापला की चीक उडतो. त्याचा डाग काळा पडतो, मग कितीही धुवा, जात नाही. आमच्या माहेरी कापणीचे कपडे वेगळेच ठेवतात."

वहिनी ताडकन उठल्या. "ऐका, ऐका! सुमन काय म्हणते! बोल गं."

बारा-पंधरा माणसं माझ्याकडे बघायला लागली. हे पण बघायला लागले. हवं होतं तेच झालं होतं. आणि मी म्हणाले, "मी कुठं काय म्हटलं?"

मग वहिनींनीच सांगितलं. हे म्हणाले, "मुंबईच्या लोकांना केळीचा डाग काय माहीत? कपडेवाल्याने दिला असेल धुतलेला सदरा." त्यावर तासभर वाद झाला. ती खूण आहे की मालिका करणाऱ्यांची चूक? पुढच्या शुक्रवारी खुनी मालकाचा भाऊच निघाला. पकडला गेला एका चिठ्ठीवरून. सदऱ्याचं कुणी नावही काढलं नाही. पण यांनी गुडघ्यावर थाप मारली, "काय नजर आहे वहिनींची!"

"माझी नाही हो भाऊ, सुमनची."

"हिची? ही तर टीव्हीसमोर पेंगत असते."

"बाई गं, सांग ना तूच!" वहिनी म्हणाल्या.

"मला काय कळतं त्यातलं," मी म्हणाले आणि घरी येऊन दार लावून घेतलं. राग कुणाचा करावा तेच कळेना, म्हणून वहिनींचाच केला. तीन शुक्रवार मी त्यांच्याकडे गेले नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

चौथ्या आठवड्यात त्या भर दुपारी आमच्या ओसरीवर आल्या. माझ्या पुढ्यातलं तांदळाचं सूप ओढून घेतलं आणि निवडता निवडता अख्खा भाग सांगितला. खुनापाशी थांबल्या. डोळे मिटले. मग एक उघडून म्हणाल्या, "हं. आता बोल. इथे कुणी नाही."

मी बोलले. किती बोलले! माळी का नाही, मोलकरीण का नाही, सगळं. त्या ऐकत राहिल्या. "तुझं डोकं माझ्याहून तेज चालतं, सुमन. तोंडालाच कुलूप आहे." त्यानंतर दर आठवड्याला तसंच. मी दुपारी सांगायची, त्या शुक्रवारी सांगायच्या, आणि दर वेळी आधी म्हणायच्या, "सुमन म्हणते." लोकांना वाटायचं, बाई किती मोठ्या मनाची, शेजारणीचं नाव घेते. म्हणजे त्यातही मोठेपणा त्यांचाच.

त्यांची बदली सागरला झाली. निघताना त्यांनी मला जवळ घेतलं. मी रडले, आणि मनात एका कोपऱ्यात हलकंही वाटलं.

पुढे आम्ही टीव्ही घेतला. पहिल्याच शुक्रवारी खून झाला आणि हे माझ्याकडे वळले.

"काय गं, वहिनी काय म्हणाल्या असत्या?"

मी सांगितलं. माझंच होतं सगळं, पण "वहिनी म्हणाल्या असत्या" असं पुढे लावलं की जीभ चुरुचुरु चालायची. खुनी बरोबर निघाला की हे थाप मारायचे, "बघ! वहिनी म्हणजे वहिनी!" सागरला बसून त्या माझ्या घरात जिंकत होत्या.

एकदा माझं चुकलं. मी ड्रायव्हर म्हटलं आणि निघाला डॉक्टर. यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "वहिनींची अशी चूक व्हायची नाही. तूच नीट आठवलं नसशील."

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. ही गंमत जिला सांगावी अशी एकच बाई होती. पोस्टकार्डही आणलं. पण चौथीचं अक्षर मॅट्रिक बाईला कसं दाखवायचं, म्हणून ते डब्याखालीच राहिलं.

त्या वारल्याचं बँकेतल्या माणसाकडून कळलं तेव्हा शुक्रवारच होता. यांनी टीव्ही लावला नाही. खुर्चीत गप्प बसून राहिले. घरी हे गप्पच असतात, पण हे गप्प बसणं निराळं होतं. माझ्यासाठी हे कधी असे बसतील का, असं मनात आलं, आणि मेलेल्या बाईचा मला हेवा वाटला. रडू मात्र यांच्या आधी मला फुटलं.