शैलानं सोडलेली भेळ

हे मी अजून कुणाच्याच कानावर घातलेलं नाय — नवऱ्याच्या नाय, देवाच्या बी नाय. तुमी आपलं माणूस, म्हणून तोंड उघडते. हसू नका हां. आन् हसलात तरी चालंल, मला बी मधनंच हसू येतं.

माझी धाकली जाऊ शैला. बोरी गावात नांदायला आली तवा आमच्या घरात कलर टीव्ही नवा व्हता आन् रानात टोमॅटो नवा. लई हसरी पोरगी! बाजाराला नारायणगावला गेली की भेळ खाल्ल्याबिगर परत टेम्पोत बसायची नाय. तिखटानं नाक गळतंय, डोळं गळत्यात — तरी आणखी एक पुडा! तिच्या नादानं मी बी खायला शिकले. काय दिवस व्हते ते!

मग तिची पाळी चुकायला लागली. दोन-दोन म्हयने पत्ता नाय. पोट फुगायचं, तोंडावर पुटकुळ्या, लेकरू राहीना. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला — भेळंनं पोट नासलं आन् पोटानं अंग.

मी तिला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या म्हणाल्या, पोट आन् हार्मोन यांचा संबंध असतो. फवारणीचं औषध पोटात जात असंल तर त्यानं बी बिघडू शकतं, पण नक्की सांगता येत नाय. मग माझ्याकडंच बघून विचारलं, "औषधाचे रिकामे कॅन घरात वापरता का?"

आता सांगू का? — सांगते. रानात ताक न्यायचो ते तसल्याच कॅनमधून. पाच लिटरचा, पांढराशुभ्र, घट्ट झाकणाचा. मीच राखेनं घासला, सोड्यानं धुतला, उन्हात वाळवला. केवढी मिरवले त्याच्यावर! ताक प्यायचो समदीच, पण सगळ्यांत जास्त शैला.

"नाय बाई," मी म्हणाले. ठणकावून.

का? माझ्या हातच्या स्वच्छतेला घरात नाव व्हतं — तेवढ्यासाठी. घरी आल्या-आल्या कॅन फोडून पुरला आन् ताकाला स्टीलची किटली काढली. शैला डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या घेत राहिली. आन् भेळ सोडली बिचारीनं, एका शब्दानं कुरकुरली नाय.

वर्षाच्या आत पाळी सुरळीत झाली, आन् पुढं पिंकी झाली! अवं, काय नाचलो आमी! पिंकीला पहिली आंघोळ मीच घातली, आन् आनंदानं मलाच रडू फुटलं. सासूबाई गावभर सांगत सुटल्या — भेळ सोडली आन् सून बरी झाली. मी शेजारी बसून मान डोलवायचे.

कॅननंच झालं व्हतं का? ठाऊक नाय. गोळ्यांनी बरं वाटलं, का कॅन गेला म्हणून? ते बी ठाऊक नाय. पण मला सरळ विचारलं आन् मी खोटं बोलले — हे पक्कं ठाऊक हाय.

पिंकी आता सात वर्षांची. जिभंनं अगदी आईवर गेलीय, तिखट दिसलं की डोळं चमकतात! परवा समदी ओझरला गेलो. देवळातनं बाहेर येताच पोरीनं भेळंच्या गाडीकडं धाव घेतली. शैलानं तिला हाताला धरून मागं आणलं आन् हसतच म्हणाली, "नको बाळा, हिच्यापायीच तर मी आजारी पडले व्हते. इचार आक्कांना."

पोरीनं माझ्याकडं बघितलं.

"व्हय गं," मी म्हणाले.