चाळीची पश्चिमेकडची भिंत

आमच्या पुणतांब्यात कांद्याच्या चाळीत वारा मोजायची यंत्रं लावणारी बाई एकच, माझी धाकटी जाऊ मोनिका. मी सविता, थोरली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.

मोनिका पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करते. कॉम्प्युटरात खोटी चाळ, खोटा वारा. चाळीची बांबूची भिंत ती जाड काढतच नाही, नुसती कातडीसारखी पातळ धरते आणि तिला दोन आकडे देते: वारा आरपार किती जाईल आणि भिंतीलगत किती सरकेल. पट्ट्या उभ्या, मग दोन्हीकडं सारखा कसा जाईल? एवढं मलाही पटलं. साहेबांनी बजावलं होतं, तुमच्या मळ्यातल्या चाळीत लावलेल्या यंत्रांशी हिशेब जुळला तर गावीच राहा, नाहीतर सोमवारी पुण्याला हजर व्हा. तिला जायचं नव्हतं. मलाही ती हवी होती. भांडायला दुसरं आहे कोण घरात?

आणि हिशेब काही जुळेना! कॉम्प्युटरात वारा भणाणतोय, यंत्रं मोबाईलवर कळवतायत, चाळीत कोंडलंय. आकडे फिरवून फिरवून पोरगी रडकुंडीला आली. शेवटी म्हणाली, "ताई, पश्चिमेच्या भिंतीचा आरपारचा आकडा शून्य केला की बरोब्बर जुळतंय. पण भिंत बंद कशी होईल?"

"तुझं डोकं बंद झालंय. चल, बघूनच येऊ."

मळ्यात गेलो तर काय! घटस्थापना तोंडावर आलेली, म्हणून सासूबाईंनी घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या विहिरीवर धुऊन त्याच भिंतीवर वाळत घातलेल्या.

"आई, अहो कांदे गुदमरले!" मी ओरडले.

"वरडू नको. ऊन हितंच हाय." मग मोनिकाकडं न बघता एक नवी शिवलेली गोधडी चाचपत त्या पुटपुटल्या, "ही तुझी. पुण्याला थंडी लई. वल्लीच कशी देऊ?"

मोनिका आधी हसली, मग रडली. तिथूनच तिनं साहेबांना फोटो धाडला. साहेब म्हणाले, तुमच्या गणितानं घरबसल्या सासू पकडली, आणखी काय पुरावा पाहिजे? राहा गावीच.

संध्याकाळी सासूबाईंनी ती गोधडी मोनिकाच्याच पलंगावर अंथरली आणि फणकारल्या, "आता इचार तुझ्या त्या डबड्याला, बाकीच्या कुठं वाळत घालू?"