सोपानभाऊंचा फोटो

फोनच्या पडद्यावर ‘सोपानभाऊ’ असं आलं, म्हणून उचलल्या उचलल्या मी म्हणाले, “बोला भाऊ, आज काय सापडलं?” एखादा कोळी, एखादी नवी मुंगी... काही दिसलं की त्यांचा असाच फोन यायचा. पलीकडे वहिनी होत्या. “ताई, ह्ये गेले. च्या पिऊन बसले व्हते, बसल्या जागीच गेले.” मी “बरं” म्हणाले. खरंच, “बरं” असंच म्हणाले. घरूनच ऑफिसची ऑनलाइन मीटिंग चालू होती ती शेवटपर्यंत ऐकली आणि मग भुकूमहून गाडी काढून पौडला त्यांच्या घरी गेले. त्याला आता सात आठवडे होतील. मला अजून रडू आलेलं नाही.

सोपानभाऊंचा फोटो स्टुडिओ होता. मुळशीतली कितीतरी लग्नं त्यांनी टिपली. पुढे लग्नात ड्रोन आले, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आले, तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि तोच कॅमेरा घेऊन ते किड्यांकडे वळले. “किडं बरं. अल्बम कवा देताय म्हून इचारत न्हाईत,” म्हणायचे. आमच्या सोसायटीमागच्या टेकडीवर मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, ते गवतात पालथे पडलेले. मला वाटलं माणसाला चक्कर आली. हाका मारत धावले, तर भाऊ उठून माझ्यावरच उखडले. “उडाली की ओ माशी!” आमची ओळख ही अशी झाली.

त्यानंतर मीही कॅमेरा घेतला, आणि चार वर्षं बहुतेक रविवारी पहाटे आम्ही टेकडीवर असायचो. थंडीनं किडे आखडलेले असतात, हलत नाहीत, म्हणून पहाटे. मी इंटरनेटवर वाचून अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बावीसवर नेऊन अगदी बारीक करून ठेवलं होतं. मुंगी डोक्यापासून पायापर्यंत स्पष्ट यावी हा हेतू, पण सगळीच मुंगी मऊ, पुसट यायची. भाऊंनी कॅमेरा हातात घेऊन पाहिला. “ताई, भोक लई बारीक केलं की फोटूची धार जाती. अकरावर या.” अॅपर्चर अकरा, शटर दोनशे, आयएसओही दोनशे, उजेड सगळा फ्लॅशचा, आणि तो मऊ पडावा म्हणून फ्लॅशपुढे आइस्क्रीमच्या डब्याचं पांढरं झाकण. फोकसची रिंग फिरवायची नाही, आपणच केसभर पुढे-मागे डोलायचं आणि किड्याचा डोळा लख्ख दिसला की बटण दाबायचं. गवताची काडी वाऱ्यानं हलू नये म्हणून भाऊ पलीकडे उकिडवे बसून ती दोन बोटांत धरायचे. श्वाससुद्धा जपून घ्यायचे. मी हसले की ओरडायचे, “हलवू नगा काडी!”

दहाव्याच्या आधी वहिनींनी मला फोटो मागितला. घरात अल्बमांचा ढीग, पण भाऊ एकाही फोटोत नव्हते. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. राहता राहिला आधार कार्डावरचा, त्यात ते चोर वाटत होते. “तुमी एवढं फिरलात त्येंच्यासंगं, तुमच्याकडं एक तरी असंल की.” मी हो म्हणाले.

घरी येऊन संगणकावर चार वर्षांचे फोटो उघडले. मुंग्या, तुडतुडे, कोळी, एकेक केस मोजून घ्यावा इतके स्पष्ट. आणि त्यांच्यामागे सगळीकडे काळं. या सेटिंगवर फ्लॅशचा उजेड किड्यापुरताच पुरतो, मागचं काही उरत नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्या काळ्यात दर वेळी भाऊ बसलेले होते, माझ्यापासून हातभरावर. त्यांनी शिकवलेलं मी मन लावून केलं होतं, आणि त्यांनाच पुसून टाकलं होतं. माउस हलवत मी फोटो उजळत राहिले. काळ्याचं करडं झालं, आणखी काही नाही. कधी तरी कॅमेरा वर करून “भाऊ, इकडं बघा” एवढं म्हणायला मला काय झालं होतं?

दहाव्याला आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून ठेवला. मी मागे उभी राहिले आणि न जेवता परतले.

नंतर एक फोटो सापडला. तुडतुड्याचा. खाली कोपऱ्यात, काडी धरलेली भाऊंची दोन बोटं आली होती. फोटो बिघडला म्हणून मी तो बाजूला टाकला होता. अंगठ्यावर पासपोर्ट फोटो कापताना कटर लागल्याचा व्रण, नखात माती. सगळं लख्ख. तो छापून, फ्रेम करून मागच्या रविवारी वहिनींकडे नेला. देताना मला लाज वाटत होती.

त्यांनी पदरानं काच पुसली. “नखं काढा म्हून सांगून दमले मी,” म्हणाल्या. मग आधारचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि त्या खिळ्यावर हा लावला. जुन्या फोटोचा हार माझ्या हातात होता. तो मी नव्या फ्रेमवर घालायला गेले, तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

“नगं ताई. काडी हलंल.”