लॅपटॉपमधला कर्नल

माझ्या धडधाकट मेव्हण्याला मी एका फोनवर मारलं आहे.

झालं असं, की लेकीच्या, पल्लवीच्या, लॅपटॉपमध्ये जागा उरली नव्हती आणि दुसऱ्या दिवशी तिला कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचा होता. ती आंघोळीला गेल्यावर मी आपणहून साफसफाईला बसलो. ज्या फायलींची नावं कळेनात, त्या सगळ्या पुसल्या! (मी गुरुजी आहे. जे वाचता येत नाही, त्याला शून्य!) "खरंच पुसायचं का?" असं लॅपटॉपनं दोनदा विचारलं. मी दोनदा "हो" म्हणालो. मग त्यानं विचारणंच सोडलं.

गुपचूप तो पाटोद्याच्या दुरुस्तीवाल्याकडे टाकून आलो. दुपारी त्याचा फोन.

"गुरुजी, कर्नल गेला!"

"कर्नल गेला?" मी ओरडलो. "असा कसा गेला?"

आता, माझा मेव्हणा फौजेत साधा शिपाई. पण मिशांमुळे घरात त्याला सगळे कर्नलच म्हणतात. स्वयंपाकघरात परात पडली. "माझा भाऊ!" म्हणून बायकोनं असा हंबरडा फोडला, की गल्ली गोळा झाली.

"आगं, कावून रडायलीस? दुरुस्त होईल तो!"

"मेलेलं माणूस दुरुस्त होतंय का वो?"

शेजारच्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "पण गेला कशानं?"

"माझ्याच हातून गेला, काकू," मी खरं ते सांगितलं. काकू चार पावलं मागं सरकल्या!

शेवटी पल्लवीनं मामालाच फोन लावला. मामा जेवत होता.

"कोण गेलं?" त्यानं घाबरून विचारलं.

"तुमीच!"

मग माझी उलटतपासणी झाली आणि पल्लवीनं कपाळाला हात लावला. "बाबा, ते कर्नेल! सगळ्यात खाली मशीन, त्याच्यावर कर्नेल, त्याच्यावर शेल, अन् वर माझा प्रोजेक्ट. वरच्याला मशीनशी परस्पर बोलता येत न्हाई, कर्नेलमार्फतच बोलावं लागतं. तुमी मधलंच काढलं!"

मला लई कळल्यासारखं झालं.

संध्याकाळी पुन्हा फोन. "गुरुजी, कर्नल बसला. प्रोजेक्टबी सापडला. फकस्त शेल चालंना."

एवढंच ना! मी गाडीला किक मारली आणि रिमोटचे दोन नवेकोरे सेल घेऊन दुकानात हजर झालो. चांगले महागातले घेतले होते. लेकीच्या शिक्षणात मी कंजुषी करत नाही!