धाकट्या जावेचा बसीसा

आमच्या स्फाक्स शहरात हायातबाईंच्या हाताला चव आहे, हे कुणीही सांगेल. रोज पहाटे उठून त्या नवऱ्यापुढे तळलेली अंडी, मिरच्या, गरम रोटी असा थाट मांडत. मुन्सिफ दोन घास खाऊन "पोट भरलं" म्हणे आणि जिना उतरून धाकट्या भावाकडे जाई.

खाली धाकटी जाऊ मुन्जिया मासळीच्या कारखान्याची गाडी गाठायच्या घाईत असे. भाजलेल्या गव्हा-हरभऱ्याचं, बडीशेप घातलेलं पीठ, म्हणजे बसीसा, वाडग्यात घ्यायचा, वर ऑलिव्हचं तेल ओतायचं, खजूर ठेवायचे, की झाली न्याहारी. मुन्सिफ तिथे वाडगा पुसूनपुसून खाई. हे कळल्यापासून हायातबाईंच्या अंगाची लाही होत होती.

"पोरींना नुसतं पीठ चारते, आणि आई म्हणवते स्वतःला!" त्या शेजारच्या गच्चीवरून मला म्हणाल्या.

"पोरी तर चांगल्या गुटगुटीत आहेत."

"तू तिचीच बाजू घे!"

एकदा त्यांनी गुपचूप बसीसा केला. हरभरे करपले. मुन्सिफनं घास तोंडात घेतला आणि विचारलं, "हे काय, औषध?" अख्खं भांडं कोंबड्यांना गेलं.

त्या उन्हाळ्यात, ऐन धान्य भाजायच्या दिवसांत, मुन्जिया कारखान्यात घसरून पडली आणि तिचा हात मोडला. ती वर आली. "ताई, वर्षाचा बसीसा भाजून द्याल? मी शेजारी बसून सांगते."

नकार हायातबाईंच्या ओठांवर होता. पण प्लास्टरमधला हात बघून त्या उठल्या.

"आच कमी करा. अजून कमी. अहो ताई, घाई सकाळी खाताना असते, भाजताना नाही."

घामाघूम होऊन त्यांनी सगळं भाजलं, दळून आणलं. मुन्जियाच्या थोरल्या लेकीनं, सिहामनं, चाखून पाहिलं. "काकू, आईपेक्षा भारी झालाय!"

मुन्जिया हसली, पण चेहरा उतरला.

"मला वाईट वाटायला हवं होतं," हायातबाई नंतर मला म्हणाल्या. "नाही वाटलं. खरं सांगू? गोड वाटलं."

आता मुन्सिफ वरच बसीसा खातो. डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलंय, हेही त्यानं अखेर कबूल केलं. "आधी सांगायला जीभ झडली होती?" म्हणत हायातबाईंनी त्याच्या वाडग्यात तेल ओतलं.

मुन्जियाचा हात बरा झालाय. भेटेल त्याला ती सांगते, "जाऊबाई करतात छान, पण बडीशेप जरा जास्तच पडते."